पट्ट्याचा सूर

वखारीत त्याला सगळे तंबोरा म्हणत. लाकूड चिरायच्या मशीनला वर-खाली दोन मोठी चाकं, आणि त्यांवरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा. मूठ फिरवली की वरचं चाक उचललं जाई, पट्टा ताणला जाई. ढिला राहिला तर लाकडात वाकडा पळतो, जास्त ताणला तर तुटतो. तंबोरा बोटाने पट्टा छेडायचा, कान द्यायचा, सूर जुळला की मूठ सोडायचा. त्याच्या हातचा पट्टा कधी तुटला नव्हता.

पण त्याच मशीनने हळूहळू त्याचे कान खाल्ले. एका सकाळी पट्टा छेडला, तर बोट नुसतं थरथरलं. सूर आलाच नाही.

त्याने कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. कान गेले हे कळलं तर आपल्याला ठेवील कोण? लोक बोलले की मान डोलवायची, हसायचं. बायको वैतागायची, "अहो, मी भाजी जळली म्हणतेय, आणि तुम्ही छान छान काय म्हणताय!" पट्टा आता अंदाजाने ताणायचा. सैल राहील या भीतीने मूठ जरा जास्तच फिरायची.

पहिला पट्टा तुटला, तेव्हा मालकाने पट्टे विकणाऱ्याला शिव्या घातल्या. तंबोऱ्याने नवा पट्टा चढवला, तोही अंदाजानेच ताणला. दुसरा तुटला, तेव्हा समोरून लाकूड सरकवत होता त्याचा साडू. तंबोऱ्यानेच त्याला इथे कामाला लावलेलं. सुटलेलं टोक सपकन आलं आणि साडूचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाडून गेलं.

दवाखान्यात मेव्हणी त्याच्यापुढे येऊन काहीतरी म्हणाली. त्याने सवयीने मान हलवली. होय, होय.

ती भिंतीला टेकली. बायको त्याच्या कानाशी ओरडली, "अहो, पट्टा तुटेल हे तुम्हाला ठाऊक होतं का, असं विचारतेय ती! नाही म्हणा की!"

त्याला नाही म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने मालकाला सगळं सांगून टाकलं. मालकाने त्याला फळ्या रचायला लावलं. जखम भरल्यावर साडूही तिथेच आला. दोघांनी मिळून पहिलीच फळी उचलली, आणि साडूकडचं टोक धाडकन खाली आदळलं.

"राहू दे, मी एकटा नेतो," तंबोरा म्हणाला.

साडू ओंडक्यावर बसला. उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं एकेक करून मिटवू लागला. सोडली की ती परत उघडत. तंबोरा फळीशेजारी उभा राहून बघत राहिला.