एक मुलगी, दोन क्लास

भूकंपानंतर लातुरात दोन गोष्टी भराभर उभ्या राहिल्या, पत्र्याची घरं आणि क्लास. घरांना निदान पाया होता.

माझी सून घरी बसून एका क्लासची वेबसाइट सांभाळायची. साधी पानं, चाचण्यांचे गुण आणि फोटो. बदल केला की काय बदललं त्याची एक ओळ लिहायची, बटण दाबायचं, दोन मिनिटांत नवं पान जगाला दिसायचं. जुनं पान तारखेसकट मागे शिल्लक राहायचं. मी चौथी शिकलेली, पण हे मला लगेच पटलं. भूकंपाच्या मदतीच्या यादीतलं पान फाडून नवं चिकटवलेलं मी पाहिलंय. सुनेला म्हटलं, "कोण सांगतंय तेबी लिहीत जा."

आमच्या माडीवर हिमायतनगरची एक मुलगी भाड्याने राहायची. मेडिकलच्या परीक्षेत ती जिल्ह्यात वर आली. शिकली दुसऱ्या क्लासात. सुनेच्या क्लासात आठ दिवस फुकट बसून बघितलं होतं, तेवढंच. निकालाच्या दुपारी तिथल्या सरांचा सुनेला फोन आला, "तिचा फोटो सगळ्यात वर टाका. दोन वर्षं आपलीच होती म्हणून लिहा."

सुनेने टाकला.

महिन्याभराने मुलगी रडत खाली आली. तिच्या खऱ्या क्लासच्या संचालकांनी जमा करून घेतलेली मूळ कागदपत्रं अडवली होती, आणि उद्या नांदेडला प्रवेशाचा शेवटचा दिवस.

"माझं काम जाईल, आत्या," सून म्हणाली.

"जाऊ दे. चल."

मुलीच्या क्लासात गेलो. संचालक म्हणाले, "मावशी, फी आम्ही माफ केली अन् शिकली तिकडं? वेबसाइटवर छापलंय."

"कवा छापलंय ते बघा की."

सुनेने मोबाइल पुढे केला. दोन वर्षांच्या एकाही चाचणीच्या पानावर मुलीचं नाव नव्हतं. नाव आलं ते थेट निकालाच्या दिवशी, दुपारी तीन वीसला. खाली ओळ: 'सरांनी फोनवर सांगितलं म्हणून टाकलं. दोन वर्षंही त्यांनीच सांगितली.'

संचालकांनी ती ओळ दोनदा वाचली, पोटभर हसले आणि कपाटातून कागद काढून दिले. मग सुनेला म्हणाले, "आमचीबी वेबसाइट करा, ताई. फक्त हे मागचं ठेवायची भानगड नको."

"मग होर्डिंगच लावा, सर," सून म्हणाली. "ते फाडता येतं."

मुलीने गुणपत्रिका पिशवीत घातली. नांदेडची गाडी अर्ध्या तासाने होती. आम्ही तिला बसवून आलो.