तात्यांचे कुळीथ

रोज चहाच्या आधी तात्या गावडे इमारतीच्या मागच्या अंगणातली माती चिमूटभर उचलून हुंगत आणि जाहीर करत, "अजून उपाशी आसा!" बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत मी तेव्हा नवी सून. मला वाटे, म्हातारा स्वतःच्याच पोटाबद्दल बोलतोय.

तात्या मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले, आमचे तळमजल्यावरचे शेजारी. मागच्या अंगणात बिल्डरने टाकलेला मुरूम होता आणि कमिटीला तिथे फरशी घालायची होती. तात्या हटून बसले, तेव्हा सेक्रेटरी मोघे म्हणाले, "होळीपर्यंत तिथं खाण्याजोगं काही उगवून दाखवा. नाहीतर फरशी."

तात्यांनी पावसाळ्यात कुळीथ पेरले. "ह्ये जमिनीक पोसतत, माणसाक पण," ते म्हणत. माझ्या नवऱ्याच्या मुतखड्यासाठी त्यांनी गावचे डबाभर कुळीथ आणून दिले होते. त्याचं कढण तो तोंड वाकडं करून पिई. डॉक्टरांच्या गोळ्याही चालू होत्या, पण खडा पडल्यावर सगळं श्रेय तात्यांनी खुशाल स्वतःकडे घेतलं.

गणपतीला तात्या गावी गेले. आमच्याकडे आरतीला पाहुणे येणार, म्हणून मी पदर खोचला, चार बायका जमवल्या आणि मागचं 'गवत' मुळासकट उपटून अंगण लख्ख केलं. कुळथाच्या पिठीवर ताव मारणाऱ्या मी त्याचं रोप कधी पाहिलंच नव्हतं.

तात्या परतले आणि हातातली पिशवीही खाली न ठेवता तिथे उभे राहिले. मला रडूच फुटलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अंगणाकडे, आणि पोट धरून हसायला लागले. "सूनबाय, जेवता जेवता जमिनीच्या तोंडातलो घास काढलंस गो!"

बियाणं संपलं होतं. मी घरातला कुळथाचा डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि सूप घेऊन दारोदार फिरले. अर्धी इमारत कोकणातली, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सूप भरलं. मोघेवहिनींनीसुद्धा नवऱ्याची नजर चुकवून वाटीभर दिले.

तात्यांनी ते पुन्हा पेरले आणि दिवाळीत त्यावर फिकट पिवळी फुलं आली. फराळ संपतो न संपतो तोच तात्यांनी फावडं घेऊन सगळं हिरवंगार पीक मातीत गाडलं!

"अहो तात्या, आत्ता कुठे फुललं होतं!" मी ओरडले.

"जेवूक दे तिका. मगे आपणाक वाढतली."

मोघ्यांनी फरशीवाल्याला निरोपही धाडला. तात्यांनी मात्र शांतपणे वांग्याची रोपं लावली. होळीच्या सकाळी मोघे स्वतः पिशवी घेऊन खाली आले. "तात्या, भरायला लहान वांगी मिळतील का हो?" फरशीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

पुढे तात्या गावी राहायला गेले आणि तिथेच वारले. त्यांची आठवण आली की मला अजून हसूच येतं. पण दर पावसाळ्यात आता मी तिथे कुळीथ पेरते, आणि गणपतीत नव्या सुना झाडू घेऊन निघाल्या, की मी आधी जाऊन मागच्या दारात उभी राहते.

"हात लावू नका गं. ती जेवतेय."