सव्वासहाशे रेघा

लग्नानंतर वर्षभरात गंगाखेडच्या आमच्या घरी रंगीत टीव्ही आला. सासरे शेतकरी, बियाणं घेतानाही दाणा न् दाणा निरखणारे. त्यांनी पडद्याला नाक लावून पाहिलं आणि खोकं मागवलं. "चित्रात रेघा दिसायल्यात. माल खराब हाय, परत देऊ."

मी शाळेत विज्ञान शिकवायची, पण घरात अजून कुणी माझं मत विचारत नव्हतं. तरी मी म्हणाले, "मामंजी, माल चांगला आहे. चित्र रेघांचंच बनतं. एकीखाली एक, सव्वासहाशे रेघा."

त्यांना पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून भिंग आणून त्यांच्या हातात दिलं. पडद्यावरचे लाल, हिरवे, निळे ठिपके रेघारेघांनी मांडलेले दिसले, तसं त्यांनी विचारलं,

"अन् रेघा वाढवल्या तर?"

"चित्र आणखी स्वच्छ दिसेल. परदेशात जवळपास दुप्पट रेघांचे प्रयोग चालू आहेत. आपल्याकडेही येईल ते," मी ठामपणे सांगितलं.

त्यांनी खुर्ची मागे ओढून भिंतीला टेकवली; तेवढ्या लांबून रेघा दिसत नव्हत्या. संध्याकाळी शेजारी आले, तेव्हा सासऱ्यांनीच त्यांना रेघांचं सगळं समजावलं आणि वर म्हणाले, "पुढचं सूनबाईला विचारा, तिला माहीत हाय."