चंचीतला कॉम्प्युटर

अंगावर घालायचा कॉम्प्युटर मी कुणाच्या भल्यासाठी बनवायला घेतला नव्हता. हे आधीच सांगते, कारण पुढे लोकांनी त्याची फार हळवी गोष्ट करून टाकली. मी सांगलीत एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. घर विश्रामबागेत, नवरा शिरवळच्या कारखान्यात, तो सुट्टीपुरता घरी. संध्याकाळी कुणी स्वेटर विणतं, कुणी मालिका बघतं, मी वायरी जोडत बसते. चालता चालता वाचता यावं, लिहिता यावं आणि एक हात भाजीच्या पिशवीला मोकळा राहावा, असा कॉम्प्युटर करायचा एवढीच माझी हौस होती. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही नसते, असं नवरा म्हणायचा.

दिसायला ते प्रकरण अगदीच बावळट होतं. पत्त्यांच्या कॅटाएवढा एक बोर्ड, मोबाइल चार्ज करायची बॅटरी, आणि माझ्या जुन्या चष्म्याच्या फ्रेमला गरम गोंदाने डकवलेला नखाएवढा पडदा. पडद्यापुढे एक छोटं भिंग, म्हणजे उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात अक्षरं हवेत टांगल्यासारखी दिसायची. टाइप करायला बाजारातून खुरप्याची लाकडी मूठ आणली आणि तिच्यावर पाच बटणं बसवली. चार बोटांनी अक्षर आणि अंगठ्याने काना, मात्रा, वेलांटी. दोन-तीन बटणं एकदम दाबली की एक अक्षर उमटायचं. हे सगळं घालून मी पहिल्यांदा गल्लीत फिरले तेव्हा शेजारच्या वहिनींनी विचारलं, डोळ्याचं ऑपरेशन कधी झालं?

आप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा नुकतेच माझ्याकडे राहायला आले होते. मूळ गाव उंब्रजजवळ. तिथली शेती घरच्यांवर सोडून ते तरुणपणीच सांगलीच्या हळद बाजारात आले आणि दलाल झाले. दलालाचं भांडवल म्हणजे जीभ, आणि आप्पांची जीभ बाजारात नावाजलेली. एकदा एका व्यापाऱ्याने हळकुंड चावून बघितलं आणि माल जुना आहे म्हणून नाक मुरडलं. आप्पा म्हणाले, "माल ताजाच हाय. कवळी नवी हाय तुमची." ते ऐकून व्यापारीच आधी हसला आणि मग सौदा झाला. उत्तर तयार ठेवायला त्यांना श्वासाएवढाही वेळ लागत नसे.

तंबाखूने ती जीभ तोंडात ठेवली आणि आवाज नेला. घशात गाठ निघाली, आवाजाची पेटी काढावी लागली. श्वासासाठी गळ्याखाली भोक, त्याच्यावर सदैव एक मऊ टॉवेल. आई आधीच गेलेली, दवाखाना इथलाच, म्हणून ऑपरेशननंतर मी त्यांना घरी आणलं. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, तेही आणलं. त्यातून रसाच्या गाड्यासारखी घरघर निघाली. आप्पांनी ते एकदा लावलं, बंद केलं आणि कपाटात ठेवलं.

मग पाटी आली. पाटीवर लिहिता येतं, पण विनोद लिहिता येत नाही. चार माणसं बोलत असताना आप्पा खाली मान घालून लिहायचे, आणि पाटी वर करेपर्यंत बोलणं तीन गावं ओलांडून गेलेलं असायचं. मग सगळे थांबायचे, आळीपाळीने पाटी वाचायचे आणि हसायचे. ते हसणं दयेचं असतं हे आप्पांना कळायचं. ज्या माणसाने जन्मभर लोकांना हसवलं त्याला हसण्याचे प्रकार काय शिकवायचे? हळूहळू पाटीवर फक्त 'चहा', 'नको', 'पडतो जरा' एवढंच उमटायला लागलं. कुणी आलं-गेलं की ते आतल्या खोलीत जाऊन बसायचे. याचा मला दुःखापेक्षा राग जास्त यायचा, आणि कुणावर काढावा ते कळायचं नाही.

ती मूठ त्यांनी स्वतःहून उचलली. मी टेबलावर पसारा मांडून बसले होते, आणि पट्ट्याला लावलेली कापडी पिशवी सारखी घसरते म्हणून चरफडत होते. आप्पा आत गेले आणि त्यांनी आपली चंची आणून पुढे टाकली. पान-तंबाखू सुटल्यापासून ती रिकामीच होती. पानाच्या कप्प्यात बॅटरी बसली, तंबाखूच्या कप्प्यात बोर्ड, चुन्याच्या डबीच्या जागी वायरींचं भेंडोळं. नाडीने कमरेला बांधली तर चंची हलेना. मी खूश होऊन वर बघितलं तेव्हा आप्पा मुठीवरची बटणं दाबत बसले होते आणि हात टॉवेलाखाली घातला होता.

टॉवेल का, ते बाजार न बघितलेल्याला सांगायला हवं. आप्पांच्या तरुणपणी हळदीचा सौदा रुमालाखाली व्हायचा. दलाल आणि व्यापारी एकमेकांचा हात धरायचे, वर रुमाल टाकायचे, आणि कुठलं बोट किती वेळा दाबलं यावर भाव ठरायचा. भोवती माणसांचा गराडा असला तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. आप्पांच्या बोटांना बोलायची सवय होती ती अशी. त्या बोटांना आकडे येत होते, अक्षरं नव्हती. ती त्यांनी शाळकरी पोराच्या चिकाटीने घोकली. कुठलं अक्षर कुठल्या बोटांवर असावं यावरून आमची भांडणं झाली. त्यांना 'ह' सगळ्यात सोपा हवा होता, कारण आमच्याकडच्या बोलण्यात हाय आणि न्हाई यांच्यावाचून पान हलत नाही. मी तसं करून दिलं. उन्हाळा संपायच्या आत ते माझ्यापेक्षा भरभर टाइप करायला लागले आणि तसं मला ऐकवायलाही.

मग मी माझ्या मते फार शहाणपणाचं काम केलं. चंचीला छोटा स्पीकर लावला. आप्पांनी मुठीवर टाइप करायचं आणि कॉम्प्युटरने ते मोठ्याने बोलायचं. पहिल्याच दिवशी दाराशी भाजीवाली आली होती. आप्पांनी टॉवेलाखाली बोटं हलवली, आणि चंचीतून बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात, एकेक शब्द तोडून, गवारीबद्दलचं त्यांचं मत गल्लीभर घुमलं. भाजीवाली हसून हसून टोपलीवर वाकली. आप्पांचा चेहरा मात्र असा झाला, जणू कुणी भर बाजारात त्यांचा रुमाल ओढून काढला असावा. त्यांनी वायर उपटली.

बाईचा आवाज आवडला नसेल म्हणून मी पुरुषाचा आवाज शोधायला बसले. आप्पांनी पाटी मागितली आणि लिहिलं, 'बोटांनी सांगितल्यालं तोंडानं बोलायचं नसतं.' दलालाच्या घरात वाढलेल्या मला हे माहीत असायला हवं होतं. रुमालाखालचा भाव जो बाहेर फोडतो त्याच्या हातात पुन्हा कुणी हात देत नाही, हे मी लहानपणी शंभरदा ऐकलं होतं. तरी मी त्यांच्या बोटांना भोंगा लावून ठेवला.

उपाय निघाला तो साधा होता. मूठ आप्पांकडे, चष्मा माझ्याकडे. मुठीला बिनतारी जोडणी दिली, चंची माझ्या कमरेला बांधली, आणि आप्पांची बोटं थेट माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यात बोलायला लागली. दुसऱ्या कुणाला काही ऐकू येत नाही, काही दिसत नाही. आप्पांना हा सौदा एकदम पसंत पडला.

त्यानंतर मला शांतता राहिली नाही. रिक्षात, लग्नात, दवाखान्यात, सतत डोळ्यात आप्पा. आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमात एक पाहुणे बोलायला उभे राहिले ते थांबेनात. मी पहिल्या रांगेत, आप्पा मागे खुर्चीत. डोळ्यात ओळ उमटली, 'पाटाच्या पान्याला दार लावा कुनीतरी, शेत उपळलं.' मी मोठ्याने हसले आणि तेही नेमकं पाहुणे आपल्या दिवंगत गुरूंबद्दल सांगत असताना. वळून बघितलं तर आप्पा टॉवेल सारखा करत भक्तिभावाने भाषण ऐकत होते. पण ते बाहेर पडायला लागले होते, माणसांत बसायला लागले होते, आणि मला तेवढ्याने जग जिंकल्यासारखं वाटत होतं.

एका रविवारी सकाळी उंब्रजहून काका आले. आप्पांचे धाकटे भाऊ, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, ऊस लावून असतात. शेंगांचं गाठोडं खाली ठेवलं, पाणी प्यायले आणि सरळ विषयाला हात घातला. गावातल्या घरी खोली रंगवून घेतली आहे, न्हाणीघरात खाली बसायला लागू नये अशी सोय केली आहे, दादाला न्यायला आलो आहे. तू शिकलेली आहेस, नोकरी करतेस, तुला याचं वाईट वाटायचं कारण नाही. पण पाठचा भाऊ जिवंत असताना थोरला भाऊ लेकीच्या दारात राहतो, हे गावात चारचौघांत ऐकवत नाही. काका मायेनेच बोलत होते, त्यात खोट नव्हती. फक्त ते सगळं माझ्याशी बोलत होते. मध्येच आप्पांकडे वळले तेव्हा मोठ्याने, सावकाश बोलले.

'बहिरा न्हाई म्हनावं मी,' डोळ्यात ओळ आली. मी ती वाचून दाखवली. काका हसले नाहीत. मग मी म्हणाले, आप्पांना इथंच राहायचं आहे.

काका माझ्याकडे वळले. "पोरी, ह्ये तू म्हनतीयास का दादा म्हनतोय?"

 पडद्यावर तसं काहीच आलं नव्हतं. वाक्य माझं होतं. आप्पांना कुठे राहायचं आहे हे मी त्यांना इतक्या महिन्यांत विचारलंच नव्हतं, कारण ते गाव म्हणाले असते तर मला सोसवलं नसतं. सकाळी उठल्यावर दिवसाला पहिला टोमणा मारणारं माणूस घरातून जाईल ही कल्पनाच मला नको होती.

तेवढ्यात ओळ उमटली. 'चष्मा त्याला दे.'

मी न वाचल्यासारखं केलं. ओळ पुन्हा आली, या वेळी माझ्या लहानपणच्या हाकेच्या नावासकट. मग मी उठले, चंची सोडून काकांच्या कमरेला बांधली, त्यांची टोपी उतरवून बाजूला ठेवली आणि चष्मा त्यांच्या नाकावर चढवला. त्यांच्या रुंद डोक्याला तो पुरेना, एक काडी कानाच्या वर तरंगत राहिली. पडदा नीट दिसेपर्यंत मी भिंग मागे-पुढे केलं. दिसतंय म्हणाले, तशी मी बाजूला झाले. आता मला काहीही कळणार नव्हतं.

आप्पांनी टॉवेलाखाली हात घातला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून फक्त काकांचा चेहरा बघत होते. आधी ते ओठ हलवत एकेक अक्षर लावत होते. मग फसकन हसले. थोड्या वेळाने "न्हाई रं दादा, तसं न्हाई," एवढं पुटपुटले आणि खाली बघायला लागले, जणू पडदा खाली बघून चुकवता येतो. टॉवेल हलत होता, थांबत होता, पुन्हा हलत होता. आप्पा एवढं सलग बोललेले मी ऑपरेशननंतर पाहिले नव्हते. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं तरी मला तिथून हलवेना. शेवटी काकांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं, लहानपणी परीक्षेत पास झाल्यावर बघायचे तसं, आणि चष्मा काढला.

"दादा हितंच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पाडव्याला पाठीव, तेवढं बास."

काय बोलले आप्पा, मी विचारलं. काकांनी टोपी घातली. "रुमालाखालचं सांगत्यात व्हय?" म्हणाले, आणि जेवायला काय केलंय ते विचारलं.

जेवून दुपारच्या एसटीने ते परत गेले. त्यांनी सोडून ठेवलेली चंची आवरताना मी चष्मा डोळ्याला लावला. यंत्र नीट चालतंय ना, हे बघायला, असं स्वतःला बजावून. आधीची ओळ नवी ओळ आली की पुसली जाते, असंच मी ते केलं होतं. शेवटची मात्र पडद्यावर राहते, हे आप्पांच्या लक्षात आलं नव्हतं. तिथे होतं, 'हिला सांगू नगंस. माज्या डोक्यावर मिऱ्या वाटंल.'

आप्पा समोरूनच बघत होते. त्यांनी भुवया उंचावून विचारलं, काय दिसतंय? पडदा कोरा आहे, मी म्हणाले. त्या संध्याकाळी मला इतका आनंद झाला होता की आमटीत मीठ दोनदा पडलं. आप्पांनी एक घास खाल्ला, माझ्याकडे बघितलं, आणि मुठीला हात न लावता सगळी वाटी संपवली.