वरकस जमिनीची एक ओळ

१९५५चा मार्च, मंगळवार. शाळेला शिमग्याची सुट्टी होती आणि मी थोरल्या दिरांबरोबर कुळगावच्या शेतात राब पसरत होते. खाली शेण, त्यावर डोंगरातून आणलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि सर्वांत वर माती. मग ते पेटवायचं आणि भाजलेल्या वाफ्यात पावसाच्या तोंडावर भाताचं बी टाकायचं. राब नसला तर रोप धरत नाही. फांद्या आणि गवत यायचं ते शेताच्या वरच्या उतारावरून. अशा उताराला वरकस म्हणतात. थोडी नाचणी सोडली तर तिथे काही पिकत नाही, म्हणून शहरातल्या माणसाला ती जमीन पडीक वाटते.

शेत आणि उतार, दोन्हींचा मालक कल्याणला राहायचा. कसणारे आम्ही. कुळांना जमीन देण्याचं बिल त्याच महिन्यात मुंबईला विधानसभेत येणार होतं. आमच्या भागाचे आमदार त्याची छापील प्रत शाळेत देऊन गेले होते. मी तिथे शिक्षिका. नवरा गेल्यावर ट्रेनिंग करून नोकरी धरली होती. बिल मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. भातजमीन होती, वरकस कुठेच नव्हती. म्हणजे शेत आमचं होणार आणि उतार मालकाकडे राहणार. उल्हासनगरच्या छावणीत पक्की घरं उठत होती, अंबरनाथला कारखाने होत होते. उतारावरच्या दगडाला गिऱ्हाईक होतं आणि मालकाचं खाणवाल्याशी बोलणं चाललं होतं.

मी एक ओळ लिहून आमदारांना दिली: भातशेतीस राबासाठी जोडलेली वरकस जमीन त्या शेतीचाच भाग समजावी. त्यांनी ती सुधारणा म्हणून मुदतीत दाखल केली. मग त्यांचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं: बिलाला दोन दिवस ठरले आहेत. पहिल्या दिवशी सर्वसाधारण चर्चेत मला दहा मिनिटं मिळताहेत. तेव्हा बोललो तर मंत्री कदाचित ही ओळ स्वतःची म्हणून घेतील. नाहीतर ती पाळी दुसऱ्याला देऊन शेवटच्या दिवशी कलम आलं की सविस्तर मांडतो. गावाचं काय मत?

त्याच मंगळवारी संध्याकाळी देवळात गावकी बसली. मी पत्र वाचलं.

"शेवटी बोला म्हणावं," दीर लगेच म्हणाले. "पयला बोलला त्याचा कोण ऐकतो?"

आमच्या गावकीत तसंच होतं. आधी पोरंसोरं, मग कर्ती माणसं, आणि सगळ्यांचं संपलं की वडीलधारा बोलतो. तो बोलेपर्यंत कोणी उठत नाही आणि तो बोलला की निकाल लागला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"दहा मिंटात काय व्हतंय? दहा मिंटं तर हा नुसता खाकरतो," कोणीतरी दिरांकडे बोट दाखवून म्हणालं आणि हशा पिकला.

पत्राच्या खाली आणखी एक वाक्य राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी पाच वाजता उरलेली कलमं चर्चेशिवाय एकदम मताला टाकली जातील. ते मी तेव्हा वाचलं. हशात ते कोणी ऐकलं नाही. पुन्हा वाचायला हवं होतं. बायकांनी गावकीत बोलायची पद्धत नव्हती, हे खरं. पण मलाही वाटलं होतं की दोन दिवस पुष्कळ झाले. कार्ड मीच लिहिलं: शेवटी बोलावे.

बिलाच्या दुसऱ्या दिवशी आमदारांनी मला आणि दिरांना विधानसभेच्या गॅलरीचे पास दिले. दीर धुतलेलं धोतर नेसून आले होते. खाली कोणी इंग्रजीत बोलत होतं, कोणी गुजरातीत, कोणी मराठीत. तिसऱ्या कलमावरच जेवणाची सुट्टी झाली. तीन वाजता सातवं चालू होतं. आमचं होतं एकविसावं. मी घड्याळ बघत होते. दीर निवांत होते.

"सगळे दमले ना, की आपला मानूस," ते कुजबुजले.

पाचला घंटा वाजली. बोलणारे सदस्य वाक्य अर्धं टाकून बसले. अध्यक्ष उभे राहिले आणि कलमांचे आकडे वाचू लागले. मंत्र्यांच्या सुधारणा तेवढ्या मताला टाकल्या. बाकीच्यांचं नावही निघालं नाही. हो म्हणणारे, नाही म्हणणारे, हो म्हणणाऱ्यांचं बहुमत. हे इतक्या भराभर चाललं की एकविसावं कलम गेल्याचं मला तेविसाव्याला कळलं. आमचे आमदार हातात कागद घेऊन उभे होते. अध्यक्षांनी हातानेच बसायची खूण केली. ते बसले.

सभागृह उठलं. दीर हलले नाहीत.

"चला भाऊजी."

"थांब गं. आपला अजून बोलला कुठं?"

शिपायाने येऊन गॅलरी रिकामी करायला सांगितलं, तेव्हा ते उठले.

आमदार जिन्याखाली भेटले. चेहरा उतरला होता. "काका, वेळच संपला."

"म्हंजे आमची ओळ पाडली?"

"पाडली नाही. मांडलीच गेली नाही."

"कोन नाय म्हनला? नाव सांगा."

"कोणीच नाही म्हणालं नाही, काका. विचारलंच नाही कोणाला."

पाडली असती तर दिरांना समजलं असतं. भांडायला एक माणूस मिळाला असता. आमदार वरच्या सभागृहाचं काहीतरी म्हणाले. तिथेही वेळ ठरलेलाच असेल, असं मी म्हटलं. त्यांनी नाही म्हटलं नाही.

परतताना दीर एकदाच बोलले. "पत्रात पाच वाजल्याचा लिवलेला व्हता काय?"

"होतं. मी वाचलं होतं."

"मोठ्यानं वाचायचा ना, मास्तरीणबाई. पोरांवर वरडतेस तेवढा तरी."

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. जाऊबाईंनी विचारलं, तेव्हा मीच काय झालं ते सांगितलं आणि ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत रजेची चिठ्ठी पाठवली आणि जाऊबाईंना घेऊन वरकसवर गेले. फांद्या तोडायच्या तर एका वर्षी अर्ध्या झाडांच्या तोडायच्या, बाकीची पुढच्या वर्षासाठी राखायची, असा आमच्याकडे नेम आहे. राखलेल्या झाडांना नवी पालवी फुटू लागली होती. मालकाचा खाणवाल्याशी कागद कधी होईल याचा भरवसा नव्हता, पुढच्या वर्षी उतार आमच्या हाती असेलच असं नव्हतं. खालच्या टोकापासून सुरुवात केली आणि उन्हं चढेपर्यंत आम्ही दोघींनी राखलेल्यांतली अकरा झाडं बोडकी केली.