ओढणीच्या गाठी आणि नसीम मॅडम

नसीम मॅडम मला पहिल्यांदा दिसल्या त्या माझ्याच वर्गात, शेवटच्या बाकावर, ओढणीला गाठी मारताना.

अकोल्याकडच्या मालेगावच्या त्या शाळेत मी नुकताच रुजू झालो होतो. गणिताचा शिक्षक, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि आपण शिकवतो म्हणजे काय शिकवतो असा चेहरा. शेवटच्या बाकावर चष्मेवाली, डोक्यावर फिकट जांभळी ओढणी घेतलेली बाई पाहून मला वाटलं, कुणाची तरी आई आली आहे. पालकांवर छाप पाडायची आयती संधी! मी असा काही शिकवत सुटलो की फळा पुरेना. तास संपला, मुलं बाहेर पळाली, आणि ती बाई उठून माझ्यापाशी आली. तिनं ओढणीचा काठ माझ्यासमोर धरला. इथून तिथून गाठीच गाठी.

“हे काय?” मी विचारलं.

“हे तुमचे ‘समजलं’ हायेत, सर. तुमी एकडाव ‘समजलं?’ म्हनलं की मी एक गाठ मारली. मंग काठच संपला ना बापा!”

मी हातातला खडू खाली ठेवला.

“मी नसीम. इथंच विज्ञान शिकवाले हाओ. तुमच्या तासाले म्हनून बसली, मले गनित कधीच नाई आलं. आजबी नाई आलं. पन पोट्ट्यायनं किती डाव ‘हो सर’ म्हनलं पाह्यलं का? आता ह्या गाठी सोडाले माही दुपारची सुटी जाते.” आणि खरंच, स्टाफरूममध्ये एका हातानं डबा खात त्या दुसऱ्या हातानं गाठी सोडत बसल्या. येणारा जाणारा विचारी, “काय झालं, मॅडम?” त्या माझ्याकडे हनुवटीनं दाखवत.

‘समजलं?’ हा माझा जुना आजार. दूधवाल्याला मी सांगतो, “उद्यापासून अर्धा लिटर जास्त, समजलं?” आमची संगीता, म्हणजे माझी बायको, नातेवाइकांत सांगत सुटते की लग्नात ह्यांनी भटजींना मध्येच ‘समजलं?’ विचारलं. हे साफ खोटं आहे. मी सासऱ्यांना विचारलं होतं.

मॅडम मूळच्या कारंज्याच्या. वडलांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. त्या म्हणत, “कापूस पिंजल्याबिगर भरला तं गादीत गोळे व्हतेत. तुमचं शिकवनं तसं हाये सर, माल भरपूर, पन गोळे-गोळे.” त्यांच्या बोलण्यावर रागावणं शक्य नसे, कारण राग यायच्या आत हसू येई. त्यांचं स्वतःचं शिकवणं बाहेरून पाहणाऱ्याला शिकवणं वाटायचंच नाही. मुलगी फळ्यापाशी आणि मॅडम बाकावर, हात वर करून: “बाई, मले नाई समजलं!” मुलगी पुन्हा सांगे. मॅडमचा हात पुन्हा वर. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी दारातून विचारलं, “इथल्या शिक्षिका कुठे आहेत?” तर फळ्यापाशी उभी असलेली सातवीतली पोरगी ठसक्यात म्हणाली, “मीच हाओ. काय काम हाये?”

कुणी चुकीचं उत्तर दिलं की मॅडमचा चेहरा ईदचा चंद्र दिसल्यासारखा. “शाब्बास! आता मले दिसलं कुठं अडकली ते.” आणि प्रश्न विचारला की त्या चक्क गप्प बसत. मला हे जमेना. मी प्रश्न विचारतो आणि श्वास घ्यायच्या आत उत्तरही देऊन टाकतो. त्यावर त्या म्हणाल्या, “सर, चाय ठेवली की तुमी भगुन्यात तोंड घालून फुकता का? उकळू द्या ना थिले!”

मग ते सगळ्यांनी घरात बसायचे दिवस आले आणि शाळा फोनमध्ये शिरली. पहिल्याच दिवशी मी फर्मान काढलं: ज्याचा कॅमेरा बंद, तो गैरहजर. संध्याकाळी मॅडमचा फोन. “सर, कायले जीव घेता? एका खोलीचं घर राह्यते. पोट्टीच्या मांगं तिचा बाप बनियनवर जेवून राह्यला, माय तोंड लपवून राह्यली. आवाज मांगा त्याइले. चेहरा कायले पाह्यजे, सोयरीक जुळवता का?”

मी कॅमेऱ्याची सक्ती सोडली. ‘समजलं’ मात्र सुटलं नाही. पुढच्या आठवड्यात मी वर्गसमीकरणं शिकवली. काय तास झाला तो! मी रंगात आलो होतो. मध्येमध्ये भुवया उंचावून विचारत होतो, “समजलं?” आणि पडद्यावर पटापट अंगठे उमटत होते. ‘हो सर’, ‘छान समजलं सर’, ‘थँक यू सर’. शेवटी मॅडमचा संदेश आला. त्या माझ्या तासाला तिथंही हजर असत. ‘सर, सुरुवातीपासून तुमचा आवाज बंद हाये. पन चालू राहू द्या. पोट्ट्यायले समजून राह्यलं.’

स्वयंपाकघरातून संगीताच्या हसण्याचा आवाज आला. तो आवाज अजूनही, कधीही, काहीही कारण नसताना येतो.

मॅडमनी त्या काळात वेगळीच गंमत काढली. धडा त्या दोन-तीन मिनिटांत बोलून पाठवत. पाहायला नाही, ऐकायला. म्हणजे डोंगराआडच्या खेड्यातही पोचेल. आणि गृहपाठ एकच: ऐकलं ते घरात कुणाला तरी समजावून सांग, आणि ते सांगणं रेकॉर्ड करून मला पाठव. हे रेकॉर्डिंग ऐकायला स्टाफमधले आम्ही सगळे टपलेले असायचो. अनसिंगच्या एका मुलीला घरात कुणी वेळ देईना, म्हणून तिनं प्रकाशसंश्लेषण शेळीला शिकवलं. “तू जे खाऊन राह्यली न वं, थो पाल्याचा सैपाक हाये,” आणि शेळीनं अगदी वेळेवर ‘बें’ केलं. भाजीच्या वाडीतली एक आई मेथी खुडता खुडता लेकीला विचारते, “पान्यात काडी वाकडी दिसते तं मंग बाहेर काढल्यावर सरळ कशी होते वं?” पोरगी जरा थांबते आणि म्हणते, “थांब माय, हे मलेबी नाई समजलं.” हे रेकॉर्डिंग मॅडमनी पुन्हा पुन्हा ऐकलं. म्हणाल्या, “आज माहा पगार वसूल झाला.”

शाळा पुन्हा भरू लागली. मॅडमचा आवाजी गृहपाठ फोनवर चालूच राहिला. आजारी पडलेली, लग्नाला गेलेली, सोयाबीन काढायला थांबलेली मुलं त्यामुळे मागं पडत नसत. आणि बघता बघता आमची ऋतुजा दहावीत गेली. माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात. पहिल्या सत्राचा निकाल लागला आणि माझी मुलगी माझ्याच विषयात नापास झाली.

जेवताना संगीतानं मला विचारलं, “पेपर कोनं तपासला?”

“मी.”

“मंग?”

“मंग काय?”

“चार मार्कं वाढवाले तुमच्या पेनातली शाई संपली होती का?”

मी हसलो. ऋतू हसली नाही. ताटात बोटानं रेघ मारत म्हणाली, “बाबा, मी बोर्डाचा गनिताचा पेपर देनार नाई. बाकीचे देतो. सगळे म्हनतेत, गनिताच्या सरची पोरगी. मले नाई जा लागत तिथं.”

“अगं, पण मी रोज शिकवतो तेव्हा तू ‘हो, समजलं’ म्हणतेस की!”

तिनं माझ्याकडे पाहिलं, ताट उचललं आणि उठून गेली. त्यानंतर घरात गणित हा शब्दच बंद झाला. संगीतालाही विनोद सुचेनात, तेव्हा मला परिस्थितीचं गांभीर्य कळलं.

मी नसीम मॅडमकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुमी तिले शिकवनं बंद करा.”

“ते तिनं केलंच आहे. पुढं?”

“आता तिनं तुमाले शिकवाचं.”

“मला? गणित?”

“काहून, तुमाले सगळंच येते का?”

“येत नाही असं नाटक करू?”

“नाटक कायले? पोट्टी लगेच पकडन. जे खरंच ठाऊक नाई थे इचारा. वजा गुनिले वजा अधिक काहून होते, सांगा बरं मले.”

मी तोंड उघडलं. नियम सांगितला. “नियम नाई, काहून!” म्हणाल्या. इतकी वर्षं मी हे शिकवतो आहे, आणि माझ्याकडे त्या ‘काहून’चं उत्तर नव्हतं.

ऋतूला गळ मॅडमनीच घातली. “पेपर नको देऊ, बेटा. पन बाबाले जरा शिकव. लय कच्चे हायेत.” ह्या वाक्यावर ती किती दिवसांनी हसली.

आमच्या पुढच्या खोलीत शाळा भरू लागली. ऋतू पांढऱ्या पाटीपाशी, मी चटईवर. पहिल्या दिवशी मी तिचं अक्षर सुधारलं. तिनं बजावलं. मग मी तिची बेरीज सुधारली. ती म्हणाली, “बाबा, वर्गाच्या बाहेर व्हा.” मी बाहेर जाऊन अंगणात उभा राहिलो. शेजारच्यांनी कुंपणावरून विचारलं, “काहून सर, बाहीर?” म्हटलं, “वर्गातून काढलं.” संगीता चहा घेऊन आली, माझ्या शेजारून आत गेली, शिक्षिकेला दिला आणि रिकामा ट्रे घेऊन परत गेली.

हळूहळू मी बरा विद्यार्थी झालो. खरे प्रश्न विचारायला शिकलो, आणि ऋतू त्यांची उत्तरं शोधू लागली. कधी पुस्तकात, कधी मॅडमना फोन करून. एक दिवस तिनं पूर्ण वर्ग करायची रीत कागदाचे तुकडे कापून समजावली. मी आयुष्यभर सूत्रात घालून उत्तर काढणारा माणूस. तिचे तुकडे इकडून तिकडे सरकू लागले आणि माझा धागाच सुटला. ती मात्र रंगली होती. नाकाला शाई, कपाळावर केस. शेवटचा तुकडा कोपऱ्यात बसवून तिनं मान वर केली. पहिल्यांदा केलेली भाजी वाढून कुणी तोंडाकडे पाहतं ना, तसं पाहत म्हणाली, “समजलं, बाबा?”

“हो!” मी म्हणालो. चटकन. विचारही केला नाही.

“मंग सांगा.”

मला काही सांगता येईना. ऋतू आधी रागानं बघत राहिली आणि मग अशी हसत सुटली की कागदाचे तुकडे खोलीभर झाले.

मी हे मॅडमना सांगितलं. वाटलं, आता खूप टिंगल होणार. पण त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “पोट्टे खोटं नाई बोलत, सर. आपन येवढी मेहनत करून राह्यलो, त्यायले आपली दया येते, आपलं तोंड पडू नये म्हनून ‘हो’ म्हनतेत.”

बोर्डाच्या परीक्षेआधी मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभात मुख्याध्यापकांचं भाषण लांबलं तेव्हा उत्सवमूर्ती खुर्चीवरून उठून मुलांमध्ये जाऊन बसल्या आणि हात वर केला: “सर, मले नाई समजलं, मी एवढी चांगली कवा होती?” मग त्या अकोल्याला मुलाकडे राहायला गेल्या. ऋतूची शिकवणी त्यांनी तिथूनही सोडली नाही. फोन उघडला की एकीकडे कुकरची शिटी, मांडीवर नातू, आणि मॅडमचा सवाल: “हं, आज बाबाले काय शिकवलं?” पेपर देणार का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी विचारायला गेलो तर मलाच दटावलं.

गणिताच्या पेपरच्या सकाळी ऋतू तयार होऊन बाहेर आली. आम्ही गाडीवरून निघालो. केंद्राच्या फाटकाशी ती उतरली आणि तिथंच थांबली. मुलं आत जात होती. तिनं माझी बाही धरली.

“बाबा, पोट दुखून राह्यलं.”

माझ्या तोंडात एक अख्खं भाषण तयार होतं. आत्मविश्वास, मेहनत, यश, सगळं. मी ते गिळलं. काहीच बोललो नाही. फाटकावरच्या शिपायानं आवाज दिला, तरी बोललो नाही. मला घाम फुटला. माझ्यासारख्या माणसाला गप्प राहणं हे पळण्यापेक्षा जास्त दमवतं.

ऋतूनं बाही सोडली. “जाऊन तं पाहू,” ती म्हणाली, आणि गेली.

मी लिंबाखाली उभा राहिलो, बसलो, पुन्हा उभा राहिलो. संगीताचे फोन येत राहिले. मी “आत आहे, आत आहे” एवढंच सांगत राहिलो, आणि ती प्रत्येक वेळी “बरं” म्हणून थोडी रडत राहिली.

पेपर सुटला. ऋतू गर्दीतून जवळजवळ पळतच आली. मी विचारायच्या आत तिनं माझ्या खिशातून फोन काढला आणि थेट अकोल्याला लावला. पडद्यावर मॅडमचा चष्मा उगवला.

“मॅडम, एकात अडकली होती!” ऋतू ओरडली. “मंग सुचलं! पाहा न...”

तिनं फोन माझ्या हातात कोंबला आणि आमच्या गाडीच्या सीटवरच्या धुळीत बोटानं चौकोन काढू लागली. तिच्या मैत्रिणी भोवती जमल्या. “हा तुकडा इथं घेतला, मॅडम. मंग हा कोपरा रिकामा राह्यते. थो भरला की झालं!”

“रिकामा कोपरा काहून राह्यते?” मॅडमनी विचारलं.

ऋतू सांगू लागली. दोन मैत्रिणी तिच्याशी भांडू लागल्या. मला राहवेना. इतकी सुंदर रीत, आणि ती माझ्या पोरीनं एकटीनं, भरल्या पेपरात लावलेली! मी फोन स्वतःकडे वळवला आणि तोंड जवळ नेऊन म्हणालो, “मॅडम, ती म्हणते ते अगदी बरोबर आहे. म्हणजे असं पाहा, आधी आपण दोन्ही बाजूंना...”

“सर,” अकोल्याहून आवाज आला, “बाजूले व्हा. पोरगी दिसून नाई राह्यली.”