चुरीच्या भावात बाळलेणं

माझ्या बायकोला भाव सांगता येत नाही. म्हणजे भाजीवाल्याला सांगता येतो, आणि तो बिचारा ऐकतोही. पण स्वतःच्या हातच्या वस्तूचा भाव म्हटला की तिची जीभ टाळूला चिकटते. संक्रांतीच्या आधी ती हलव्याचे दागिने करते. नव्या सुनेच्या पहिल्या सणाला हार, बाजूबंद, बिंदी. बोरन्हाणाच्या बाळाला इवला मुकुट, कंगन, कमरपट्टा, बासरी. पांढुर्ण्यात आमच्या गल्लीतल्या बायका दागिने उचलून विचारतात, "काय द्याचं वो?" ही म्हणते, "द्या तुमाले वाटते ते." त्यांना जे वाटतं, त्यात साखरसुद्धा निघत नाही.

यंदा सौंसरला बायकांच्या मेळ्यात तिनं टेबल घेतलं आणि मला आधीच सांगून टाकलं, "लोकायनं याले दागिना समजून पैसे देले त पुढंही करीन. नाही त उरलेली साखर तुमच्या चहात, अन् मी आपली पिको-फॉल करते."

"भाव मी लावतो," मी म्हणालो. मला कोणी विचारलं नव्हतं.

आता आमचं घर संत्र्याचं. लहानपणापासून मी एकच विद्या शिकलो: ढीग लावणं. मोठा माल एकीकडे, मधला एकीकडे, आणि बारीक फळ, ज्याला आमच्याकडे चुरी म्हणतात, ते कोपऱ्यात. मोठ्याला भाव, चुरीला जे मिळेल ते. मी सगळे डबे पलंगावर मांडले आणि अर्ध्या तासात काम उरकलं. सुनेचा मोठा सेट नऊशे. बाळाचा सेट तळहातावर मावणारा, "ही चुरी," म्हणत त्याला दीडशे. चिठ्ठ्या सुबक अक्षरात लिहून दोऱ्यानं बांधल्या. बायकोनं त्या वाचल्या, माझ्याकडे पाहिलं आणि डबे पिशवीत भरले. मी त्याला कौतुक समजलो.

मेळ्यात दुपारपर्यंत बाळांचे सेट पटापट उठले. मोठ्या सेटांकडे बायका मान वाकडी करून पाहत आणि पुढे जात. मी खुशीत हिच्या कानाशी म्हणालो, "पाहा, कसा माल चालून राहिला."

"हाव," ती म्हणाली. "चालूनच राहिला."

तिच्या आवाजात काहीतरी होतं, पण काय ते मला कळेना. विक्री होते आहे, पेटीत नोटा आहेत, आणि हिचा चेहरा मात्र बाग गारपिटीत सापडल्यासारखा.

तेवढ्यात लोधीखेड्याची एक तरुण बाई आली. घरी बाळाचं बोरन्हाण होतं. शेवटचा सेट उरला होता आणि त्यातलं एक कंगन वाटेत बसमध्ये दबून मोडलं होतं. बायकोच्या पुढ्यात दुसरी गिऱ्हाइकं होती. तिनं दोरा आणि हलव्याची पुडी माझ्याकडे सरकवली. "तुमीच करा आता. चुरी त आहे."

मी खुर्ची मागे ओढून बसलो. मोठ्या दागिन्यांना साबुदाण्यावरचा ठळक हलवा असतो, बाळाच्या दागिन्यांना तिळावरचा बारीक. बारीक दाण्याला भोक पाडता येत नाही. एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत पकडायचा. गाठ ढिली राहिली की दाणा पळतो, आवळली की त्याचे काटे झडतात. बोट ओलं झालं तर दाणा बोटालाच चिकटतो, आणि बोट घामानं ओलं होतंच. मी चष्मा काढला, लावला, परत काढला. बाळाची आई समोर उभी राहून मोठ्या सहानुभूतीनं पाहत होती. तिनं मेळ्याला एक चक्कर मारली, चहा पिऊन आली. मी अर्ध्यावर होतो.

शेवटी कंगन झालं. गोल म्हणवत नव्हतं, पण बंद झालं होतं.

"भाऊ, याचे अलग किती?" तिनं विचारलं.

"अडीचशे," मी म्हणालो. अगदी मनापासून. मला तर तेही कमी वाटत होते.

बाई हसायला लागली. "अवो भाऊ, पूर्ण सेटावर त दीडशे लिवले आहेत."

बायको वळली. हातातलं गिऱ्हाईक सोडून तिनं आधी ते वाकडं कंगन पाहिलं, मग मला. मी चिठ्ठीकडे पाहू लागलो. त्या दीडशेत मुकुट होता, बासरी होती, कमरपट्टा होता. माझ्याच अक्षरात.

"ते चुकीचं लिवलं आहे," मी पुटपुटलो.

बायकोनं दोरा तोडून चिठ्ठी काढली. "सहाशे," ती म्हणाली. स्वतःच्या तोंडानं. आवाज थोडा कापला, पण आकडा नाही.

बाईचं हसू थांबलं. "सासूबाईले विचारून येतो," म्हणत ती गर्दीत गेली. गेली की गेलीच, असं मला वाटलं. हिनं सेट डब्यात ठेवला, परत काढला, नीट मांडला. मी चहा आणू का विचारलं, ती नको म्हणाली.

थोड्या वेळानं ती तरुण बाई सासूला घेऊन परतली. सासूनं सेट उजेडाकडे धरला, कमरपट्ट्याच्या गाठी नखानं चाचपल्या. "कोणं केलं?"

"मी," बायको म्हणाली.

"अन् हे?" त्यांनी माझं कंगन उचललं.

"ते यायनं."

"दिसूनच राहिलं," म्हणत सासूनं कमरेची पिशवी सोडली. मोडक्याच्या जागी त्यांच्या घरचं एक जुनं कंगन चालणार होतं, म्हणजे माझ्या वाकड्याशिवाय जोडी भागणार होती. सहाशे मोजून दिले आणि सवयीप्रमाणे, वांगी घेताना वर दोन मिरच्या मागाव्यात तसं म्हणाल्या, "मंग हे वाकडं वरतून टाक ना पोरी."

"ते नाही देत, मावशी," बायको म्हणाली. "त्याचा भाव लय आहे."